कोबीवरची बीटी पावडर आणि थोरल्या भावाचा कॅन्सर

वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न असा आहे: ‘थोरल्या भावाला लिव्हरचा कॅन्सर निघालाय. मिरजेला उपचार सुरू आहेत. मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं, की कोबीवरच्या अळीसाठी आपण जे बीटी मारतो त्या जिवाणूतलं प्रथिन माणसाच्या कॅन्सरच्या पेशी मारतं आणि चांगल्या पेशींना हात लावत नाही. जपानमध्ये सिद्ध झालंय म्हणे. घरात अर्धं पाकीट शिल्लक आहे. ताकातून थोडं थोडं द्यायला काय हरकत आहे? अळीशिवाय कुणालाच ते बाधत नाही असं दुकानदारही सांगतो.’

दादा, ती पावडर भावाला देऊ नका. ताकातून नको, पाण्यातून नको, चिमूटभरसुद्धा नको. मुलानं वाचलेली गोष्ट खोटी नाही. ती खरी आहे, आणि ती वाचून तुम्हाला आशा वाटली यात काही चूक नाही. मी सांगलीत तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे, आणि त्यातली निम्मी वर्षं याच जिवाणूच्या मागे गेली. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून थांबत नाही, सगळं सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी पाकिटाबद्दल. कॅन्सरच्या पेशी मारणारं ते प्रथिन तुमच्या पाकिटात नाहीच. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, हा एक जिवाणू असला तरी त्याचे हजारो वाण आहेत आणि प्रत्येक वाण आपापलं प्रथिन बनवतो. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी किंवा टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी जे विकतात तो बहुतेक वेळा ‘कुर्स्टाकी’ नावाचा वाण असतो. त्याचं प्रथिन अळी मारतं. जपानी शास्त्रज्ञांना कॅन्सरच्या पेशी मारणारी प्रथिनं सापडली ती मात्र अळी न मारणाऱ्या वाणांत. नाव एक असलं तरी माल वेगळा. आंबेमोहोराची पिशवी उघडून त्यात इंद्रायणी शोधण्यासारखं आहे हे.

आता मूळ गोष्ट. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशमाचे किडे पटापट मरत असल्याचं दिसलं, आणि त्या मरणामागे हा जिवाणू सापडला. दहा वर्षांनी, १९११ साली, जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीतून तोच जिवाणू वेगळा केला. त्या अळ्या थुरिंगिया प्रांतातल्या, म्हणून नाव थुरिन्जिएन्सिस. हा जिवाणू उपासमार झाली की स्वतःच्या पोटात बीजाणू, म्हणजे वाईट दिवस काढण्यासाठीचं टणक कवचाचं रूप, बनवतो आणि त्या बीजाणूशेजारी प्रथिनाचा एक स्फटिक ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्फटिक शंकरपाळ्यासारखा दिसतो. विद्यार्थ्यांना तो पहिल्यांदा दाखवते तेव्हा अजूनही मला तेवढाच आनंद होतो.

अळीनं तो स्फटिक खाल्ला की तिच्या आतड्यात तो विरघळतो, कारण अळीचं आतडं क्षारी असतं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यासारखं. तिथली एंझाइम्स प्रथिनाचा शेंडा-बुडखा छाटतात आणि उरलेला भाग आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक खुणेला जाऊन चिकटतो. तिथे बरीच प्रथिनं एकत्र येऊन पेशीला भोक पाडतात. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. आपल्या पोटात याच्या उलट, आम्ल असतं. शिवाय आपल्या आतड्याच्या पेशींवर ती खूण नाही. म्हणून दुकानदार ‘बाधत नाही’ म्हणतो ते बहुतेकांच्या बाबतीत बरोबर आहे. पण त्याच कारणानं ते औषध म्हणून तोंडातून देण्यातही अर्थ नाही. पोटातलं आम्ल आणि पाचक रस प्रथिनाचे तुकडे करतात. डाळीतल्या प्रथिनाचं होतं तेच याचं होणार.

आता जपान. एइची मिझुकी, मिचिओ ओहबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक प्रश्न छळत होता. मातीत सापडणारे बहुसंख्य बीटी कुठलाच किडा मारत नाहीत, तरीही इतकी ऊर्जा खर्चून ते स्फटिक बनवतात. मग ते स्फटिक कशासाठी? त्यांनी सतराशेहून जास्त वाण घेतले, त्यांचे स्फटिक विरघळवले आणि माणसाच्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहिले. १९९९ साली त्यांनी जाहीर केलं, की त्यातले थोडे वाण त्या पेशी मारतात आणि तांबड्या रक्तपेशी मात्र फोडत नाहीत. पुढे या प्रथिनांना ‘पॅरास्पोरिन’ हे नाव मिळालं. आज त्यांचे सहा गट मानले जातात.

यातलं दुसरं पॅरास्पोरिन तुमच्या भावाच्या आजाराशी जवळचं आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त सांगते. ते बनतं तेव्हा साधारण ३७ किलोडाल्टनचं असतं (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप). एंझाइमनं छाटलं की ३० किलोडाल्टनचं उरतं आणि जागं होतं. पेशीच्या पटलावर साखरेच्या साखळीनं अडकवलेली काही प्रथिनं असतात, त्यांच्या आधारानं ते पटलाला धरतं. मग कडं करून भोक पाडतं, पेशी फुगते आणि फुटते. यकृताच्या कॅन्सरपासून बनवलेल्या ‘हेप-जी-टू’ पेशी त्याला फार बळी पडतात. नॅनोग्रॅमच्या मापातली मात्रा पुरते. २००४ साली जपानी गटानं यकृताच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींचे पातळ काप घेऊन त्यांवर हे प्रथिन टाकलं, तर कापातला कॅन्सरचा भाग मेला आणि शेजारचा भाग बराचसा शाबूत राहिला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आमच्या घरातही एक माणूस यकृताच्याच कॅन्सरनं गेला होता.

पण याच प्रथिनाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा तीच आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या ‘हेला’ पेशींवर हे दुसरं पॅरास्पोरिन जवळपास निष्प्रभ ठरतं. पहिलं पॅरास्पोरिन नेमकं उलटं. ते हेला पेशींना मारतं, पण यकृताच्या हेप-जी-टू पेशींवर त्याचा जोर कमी पडतो. शिवाय त्याची रीतही वेगळी आहे. ते भोक पाडून पेशी फोडत नाही, पेशीत कॅल्शियम शिरू देतं आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते. आता विचार करा, दादा. दोन्ही पेशी कॅन्सरच्याच. मग एक मरते आणि दुसरी का मरत नाही? कारण ही प्रथिनं कॅन्सर ओळखतच नाहीत. कॅन्सर म्हणजे काय हे मातीतल्या जिवाणूला कसं ठाऊक असणार? ती पेशीवरची एखादी खूण ओळखतात. ती खूण काही कॅन्सरच्या पेशींवर जास्त आहे, एवढंच. तीच खूण शरीरात आणखी कुठे आहे, मेंदूत, मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत सुटत नाही.

‘चांगल्या पेशींना हात लावत नाही’ या वाक्याचा अर्थ प्रयोगशाळेत असा असतो: आम्ही एक-दोन जातींच्या निरोगी पेशी घेतल्या, आणि ज्या मात्रेनं कॅन्सरच्या पेशी मेल्या त्या मात्रेनं या मेल्या नाहीत. शरीरात दोनशेहून जास्त प्रकारच्या पेशी आहेत. बाकीच्यांना आम्ही विचारलेलंच नसतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्याकडे मी आणि विद्यार्थ्यांनी हरिपूरला हळदीच्या जुन्या पेवांजवळची माती, मार्केट यार्डातल्या गोदामांची धूळ आणि कृष्णाकाठचा गाळ असं गोळा केलं होतं. धान्याच्या धुळीत बीटी हमखास सापडतो. माती पाण्यात कालवून ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवायची. साधे जिवाणू मरतात, बीजाणू तगतात. मग ते वाढवायचे, तीन-चार दिवसांनी स्फटिक शोधायचे, ते क्षारी द्रावणात विरघळवायचे आणि ट्रिप्सिन या पाचक एंझाइमनं छाटायचे. पेशी आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणत होतो. तपासणीत जिवंत पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याचा जांभळा रंग करतात. मेलेल्या पेशी तो पिवळाच ठेवतात. एके सकाळी हरिपूरच्या मातीतल्या एका वाणाची पूर्ण ओळ पिवळीधमक निघाली. हेला पेशी चोवीस तासांत साफ. मुलांनी पेढे वाटले. मीही खाल्ले.

पंधरा दिवसांनी एका विद्यार्थिनीनं नुसतं ते विरघळवायचं द्रावण, प्रथिनाशिवाय, पेशींवर टाकलं. ओळ तशीच पिवळी. पेशी प्रथिनानं नव्हे, नीट धुऊन न निघालेल्या क्षारानं मेल्या होत्या. मग ते प्रथिन आम्ही व्यवस्थित धुऊन पुन्हा तपासलं. कॅन्सरच्या पेशी खरंच थोड्या मरत होत्या, पण मेंढीच्या तांबड्या रक्तपेशीही फुटत होत्या. म्हणजे ते सरसकट विष होतं, नेमकेपणा काहीच नव्हता. ती तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती आणि ती बघणं माझं काम होतं. त्या सकाळी त्या मुलांतल्या एकानं घरी फोन करून सांगितलं होतं, की आम्ही कॅन्सरचं औषध शोधलंय. मोबाईलवरची बातमी अशाच एखाद्या फोनपासून सुरू होते.

ताटलीतून शरीरात जायचं तर आणखी अडचणी आहेत. प्रथिन शिरेतून द्यावं लागेल. ते परकं असल्यामुळे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनला एक तर ते निकामी होईल, नाही तर जबर ॲलर्जी येईल. लहान प्रथिन मूत्रपिंडातून लवकर निघून जातं. घट्ट गाठीच्या आतपर्यंत ते पोचणंही सोपं नाही. पॅरास्पोरिन आजपर्यंत कुठल्याही देशात औषध म्हणून मंजूर झालेलं नाही.

आणि तुमच्या पाकिटात नुसतं प्रथिन नसतं, जिवंत बीजाणूही असतात. शिळ्या भातातून उलट्या-जुलाब घडवणारा बॅसिलस सिरियस आणि बीटी हे सख्ख्या भावांइतके जवळचे आहेत. बीटीच्या पुष्कळ वाणांत पोट बिघडवणाऱ्या विषांची जनुकंही असतात. धडधाकट माणूस ते पचवून जातो. पण तुमच्या भावाचं यकृत आजारी आहे, आणि उपचारांत पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील तर साधा जंतूही महागात पडतो. पावडर पानाला चिकटावी, पाण्यात नीट मिसळावी म्हणून त्यात घातलेले पदार्थ तर माणसाच्या पोटासाठी नसतातच.

आता तुम्ही विचाराल, मग जिवाणूच्या प्रथिनानं कॅन्सर बरा होणं ही नुसती कल्पनाच का? नाही. मिरज-सांगलीच्या लहान मुलांच्या वॉर्डात ते रोज दिलं जातं. त्याचं नाव एल-ॲस्परॅजिनेज. आमच्या शेजारच्या घरातल्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, लिम्फोब्लास्टिक जातीचा. मी बघायला गेले तेव्हा तिची आई बाटलीवरचं लेबल दाखवून म्हणाली, ‘मावशी, यावर ई. कोलाय लिहिलंय, हा तर शौचातला जंतू ना?’ त्या बिचारीला वाटलं, चुकीची बाटली आली. मी तिथेच खुर्ची ओढून बसले आणि तिला सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

१९५३ साली अमेरिकेत जॉन किड यांना दिसलं, की गिनीपिगच्या रक्ताच्या पाण्यानं उंदरांतल्या काही लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरच्या, गाठी विरघळतात. ते शोधत होते वेगळंच. १९६१ साली जॉन ब्रूम यांनी दाखवलं, की हे काम त्या पाण्यातलं एक एंझाइम करतं. पण गिनीपिगच्या रक्तातून औषध बनवायचं तर किती प्राणी मारणार? १९६४ साली मॅशबर्न आणि रिस्टन यांनी तेच काम करणारं एंझाइम ई. कोलाय जिवाणूतून काढलं, आणि जिवाणू तर टाकीत हवा तेवढा वाढवता येतो. हे एंझाइम पेशीला भोक पाडत नाही, तिला शिवतही नाही. ते रक्तातलं ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल तोडून टाकतं. आपल्या बहुतेक पेशी ॲस्परॅजिन घरच्या घरी बनवतात, त्यांचं फारसं अडत नाही. या जातीच्या कॅन्सर पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातल्या उसन्यावर जगतात. उसनं बंद झालं की त्या उपाशी मरतात.

इथे पेशीतला नेमका फरक माणसाला कळला, म्हणून नेम लागला. तरीही त्याचा त्रास आहेच: ॲलर्जी, स्वादुपिंडाला सूज, रक्तात गुठळ्या. त्या मुलीलाही तिसऱ्या इंजेक्शनला अंगभर पुरळ उठला आणि डॉक्टरांनी औषधाचा दुसरा प्रकार दिला. किड यांच्या निरीक्षणापासून अमेरिकेत औषधाला परवानगी मिळेपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, पंचवीस वर्षं गेली. आज हे इतर औषधांच्या जोडीनंच देतात, एकट्यानं नाही. ती मुलगी यंदा बारावीला आहे. यकृताच्या कॅन्सरवर मात्र याचा उपयोग नाही. उगीच त्यामागे पळू नका.

दुसरा मार्ग म्हणजे विषाची मूठ बदलणं. घटसर्पाच्या जिवाणूचं विष घ्यायचं, त्याचा पेशीला धरणारा भाग काढायचा आणि त्या जागी हव्या त्या पेशीची खूण ओळखणारा भाग जोडायचा. १९९९ आणि २०१८ साली अमेरिकेत अशी दोन औषधं रक्ताच्या आणि लसिका पेशींच्या विरळ कॅन्सरांसाठी आली. दोन्हींचा मोठा धोका एकच: रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून अंगात साचतं. इतक्या विचारानं बसवलेली मूठसुद्धा शरीरात कुठेतरी नको तिथे नुकसान करतेच.

आणि एक नाव आपल्या माणसाचं. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू घडवला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याचं पेटंट जिंकलं, हे अनेकांना ठाऊक आहे. नंतरची पुष्कळ वर्षं त्यांनी स्यूडोमोनास जिवाणूच्या ‘अझुरिन’ या तांबेयुक्त प्रथिनाला दिली. ते कॅन्सरच्या पेशींत जास्त शिरतं आणि पेशीचा राखणदार असलेल्या पी-५३ या प्रथिनाला टिकवून धरतं. त्याच्या २८ अमिनो आम्लांच्या तुकड्याची, पी-२८ची, पहिली चाचणी औषधांना दाद न देणाऱ्या १५ रुग्णांवर झाली. निकाल २०१३ साली आला. गंभीर त्रास कुणालाच झाला नाही. सात जणांचा आजार काही काळ जिथल्या तिथे थांबला, तिघांच्या गाठी लहान झाल्या आणि एकाची दिसेनाशी झाली. मला हे पॅरास्पोरिनपेक्षा जास्त आश्वासक वाटतं, कारण ते माणसापर्यंत पोचलंय. पण ती चाचणी सुरक्षितता पाहायला होती, आणि पंधरा माणसांवरून औषध ठरत नाही.

आता तुमच्या घरचं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा: गाठ किती मोठी आहे, एकच आहे की अनेक, यकृताचं काम किती शिल्लक आहे, आणि भावाच्या अवस्थेत शस्त्रक्रिया, गाठ जाळणं, रक्तवाहिनीतून औषध देणं किंवा गोळ्या यातलं काय शक्य आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन भेटा. दुसरं मत हवं तर सगळे रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलला जाता येतं. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तर आपल्या देशात अशा चाचण्यांची सरकारी नोंदणी असते, लेखी संमती घेतात आणि चाचणीचं औषध विकत घ्यायला लावत नाहीत. ‘जिवाणूच्या प्रथिनाचं परदेशी इंजेक्शन’ म्हणून कुणी लाखभर रुपये मागितले तर तिथून उठून या.

भाऊ काय काय घेतो, काढे, चूर्ण, हळदीच्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. आजारी यकृताला कुठली वनस्पती झेपेल आणि कुठली नाही हे त्यांना ठरवू द्या. आणि पावडर आधीच एखाद्या वेळी दिली गेली असेल तर तेही सांगा. ताप, जुलाब किंवा उलट्या असतील तर आजच न्या.

उरलेलं अर्धं पाकीट कोबीवरच मारा. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, आणि फवारणी ऊन उतरल्यावर करा. उन्हात ते प्रथिन लवकर नासतं, संध्याकाळी मारलं तर रात्री पान खाणाऱ्या अळीच्या पोटात नीट जातं.